कुरकुरीची परात

पोळ्या कपड्याखाली झाकून ठेवल्या की सगळ्यात खालच्या जास्त मऊ राहतात. आमच्या केंद्रातल्या गोष्टींचंही तसंच झालंय. रोज वर नवी पडते, आणि खालची काढून बघावी तर अजून गरम! पंचवीसेक वर्षांची चळत आहे. शाळेत मी कधी गेले नाही, त्यामुळे वहीत काही नाही, सगळं डोक्यात.

मुलुंडच्या मार्केटमागे आमचं पोळीभाजी केंद्र. पेडणेकर बाई मालकीण. शालन आणि मी लाटणाऱ्या. शालन मालवणकडची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला, दोन मुलं तिने ह्या लाटण्यावर वाढवली. तिचं तोंड आणि तिचं लाटणं, दोन्ही एकाच स्पीडने चालतात.

लाटायला कोणीही तयार असतं हो, मळायला कोणी नसतं. पाच किलो कणीक मळली की दुसऱ्या दिवशी खांदा आठवण करून देतो. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "बाई, केवढी ही गरमी! पंखा तरी लावा." बाईंनी पिठाची परात माझ्यापुढे सरकवली.

"मळ. जी कुरकुर करेल, तिने पुढची परात मळायची."

झाला नियम! आजतागायत चालू आहे.

*

नियमातून बाईसुद्धा सुटल्या नाहीत. एकदा संध्याकाळी हळदीकुंकवाला निघालेल्या, अंगावर नवी कोरी साडी. जाता जाता बोलून गेल्या, "गॅस किती महागला गं!"

शालनने परात उचलली आणि दारातच ठेवली.

बाईंनी पदर खोचला आणि बसल्या मळायला. काठाला कणीक लागली, बांगड्यांत कणीक गेली, पण एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर दुसरी परात!

*

गिऱ्हाइकालाही तोच न्याय. एक रिटायर्ड साहेब रोज सहा पोळ्या न्यायला यायचे आणि काउंटरला टेकून पेन्शनचं रडगाणं गायचे. शालनने चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी फळी उचलून म्हणाली, "काका, आत येवा."

बिचारे सभ्य. हात धुऊन बसले. तासाभराने त्यांची बायको शोधत आली. बघते तर नवरा कोपरापर्यंत पिठात!  नुसती बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आमच्यासाठी पेढे घेऊन आली.

*

आता साहेबांची गोष्ट. म्हणजे आमच्या भागाचे आमदार. लोक साहेब म्हणतात, आम्ही बाळू म्हणतो. हा बाळू पक्षाची पोस्टरं चिकटवत फिरायचा तेव्हापासूनचा आमचा. पायात रबरी चप्पल, बोटांना खळ. दुपारी एकला दारात उभा.

"मावशी, आहेत का दोन उरलेल्या?"

उरलेल्या कसल्या! बाई त्याच्यासाठी दोन गरम बाजूला काढायच्या आणि "उरल्यात रे, खा" म्हणायच्या. कुरकुर केली म्हणून त्यानेही परात मळलीय, एकदा नाही, चांगली पाचसहादा.

एकदा मी विचारलं, "काय रे, ह्या कामाचा पगार किती मिळतो तुला?"

छाती काढून म्हणाला, "मावशी, लोकांची सेवा करायला पगार कशाला लागतो?"

शालन म्हणाली, "मगे ती दुसरी चपाती ठेव खाली!"

त्याने आधी चपाती तोंडात घातली, मग हसला. गुणी पोरगा हो. खोटं नाही सांगत.

*

तोच बाळू परवा मोबाइलवर दिसला. बाईंनी मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. समोर दहा माइक, आणि हा सांगतोय, "मानधनात भागत नाही हो. आमदारालाही संसार असतो. लोकांना वाटतं आम्ही मजेत आहोत."

केंद्रासमोर लाइन होती. पहिला भडकला तो रिक्षावाला. "ह्यांना पण मीटर लावा! जेवढं आपल्या भागात फिरतील तेवढं भाडं. बघू महिन्याला किती पडतं!" सगळी लाइन हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "मीटर डाउनच होणार नाही रे!"

लाइनीत शाळेतली एक टीचर होती, कॉन्ट्रॅक्टवरची. ती हसली नाही. तिचा नंबर आला तेव्हा हळूच मला म्हणाली, "आजी, आज भाजी नको. नुसत्या पोळ्या द्या. अजून पगार झाला नाही."

बाईंनी भाजी बांधली. बांधताना मोबाइल पालथा घातला.

*

शालनची लेक मीनल म्हणाली, "थांबा, निवडणुकीला उभं राहताना ह्यांनी काय काय आहे ते लिहून द्यावं लागतं. मी वाचून दाखवते." आणि लागली वाचायला. ठाण्याला फ्लॅट, इथे फ्लॅट, बायकोच्या नावावर फ्लॅट, अलिबागकडे जमीन, मग गाड्या, मग दागिने.

ती वाचत होती, आम्ही लाटत होतो.

तिचं वाचून संपलं तेव्हा लग्नाची ऑर्डर पुरी झाली होती!

शालनने पोरीला विचारलं, "ह्यात रबरी चप्पल खंय लिवलीहा?"

*

पण हसून सोडून देण्यासारखं नव्हतं. मार्केटची इमारत पाडणार होते. नोटीस आली. पुढच्या गाळेवाल्यांना नवीन जागा मिळणार, आम्ही मागच्या शेडवाले, आम्हाला काहीच नाही. साहेबांनी शिफारसपत्र दिलं तरच काही होणार होतं. बाईंचा मुलगा कमावतो, मी म्हातारी, माझं काय! पण शालनला दुसरा आधार नव्हता. मीनलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. शेड गेली की सगळंच थांबणार.

साहेब स्वतः पत्र घेऊन येणार, सही इथेच करणार, फोटो काढणार, असा निरोप आला. बाईंनी शालनला समोर बसवलं.

"हे बघ, तो काहीही बोलू दे. पगाराचं बोलला तरी तू गप्प बसायचं. काम तुझं आहे."

"मी गप बसान," शालन म्हणाली.

"तू? कशी?"

तिने डब्यातून लवंग काढली. "ही दातात धरतंय. बोलूक गेलंय तर जिभेक चटको बसात."

*

साहेब आले. तीन गाड्या आणि साहेब एक! बरोबर फाइल घेतलेला पीए आणि एक फोटोवाला. बाळू मात्र आत आल्याबरोबर वाकून माझ्या पाया पडला. पोटामुळे जरा अर्ध्यातच थांबला, पण पडला.

"मावशी, दोन उरल्यात का?"

बाईंनी गरम वाढल्या. खाता खाता त्याचे डोळे भरले. म्हणाला, "असं जेवण मिळत नाही हो आता." आम्ही खूश. शालन कोपऱ्यात लाटत होती, दातात लवंग.

मग पाणी प्यायला आणि मोठा श्वास सोडला. "काय सांगू मावशी, दिवसभर माणसं दारात. लग्नं, बारशी, मयतं, सगळीकडे हात खिशात. आणि हातात पडतं काय? ह्या पगारात कसं भागवायचं, तुम्हीच सांगा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शालनकडे बघितलं.

कट्‌! लवंग फुटल्याचा आवाज मी कानाने ऐकला.

शालन उठली. तोंडातून शब्द नाही. पाच किलोची परात उचलली आणि साहेबांच्या पायाशी ठेवली.

पीए पुढे झाला. "अहो बाई, हे काय? साहेबांना पुढे मीटिंग आहे!"

बाईंचा चेहरा पांढरा. मी मनात म्हटलं, गेली शेड, गेलं मीनलचं वर्ष.

बाळू परातीकडे बघत राहिला. मग पीएला म्हणाला, "मीटिंग पुढे ढकल. इथला नियम आहे." अंगठ्या काढल्या. ओट्यावर ओळीने पाच ठेवल्या. घड्याळ काढलं. आणि बसला.

मळता मळता घामाघूम! फोटोवाल्याला म्हणाला, "कॅमेरा बंद." मग सात पोळ्या लाटल्या. बाईंनी एकेक उजेडात धरून बघितली आणि तीन पास केल्या.

हात धुतले, पुसले. पीएने पत्र समोर धरलं, पेन दिलं. बाळूने सहीला सुरुवात केली. तेवढ्यात बाईंनी त्याच्या डाव्या हातावर एक नाणं ठेवलं. आमच्याकडे पोळीवर मजुरी. काम केलं की हातावर द्यायची, माणूस कोणी का असेना.

बाळूने पेन थांबवलं. नाण्याकडे बघितलं.

"एवढंच?"

 तव्यावरची माझी पोळी करपली.

शालनने दुसरी परात सरकवली.

*

ते पत्र नव्या गाळ्यात फ्रेम करून लावलंय. मला वाचता येत नाही. पण सही दिसते की! पहिलं अक्षर निळं, स्वच्छ आहे. पुढची सगळी पिठात माखलेली.