नेस्टाच्या नारळीवरच्या मुंग्या

ग्वाडलकॅनल बेटाच्या किनाऱ्यावर नेस्टा वाओलूची नारळीची बाग होती. नवरा गेल्यावर बाग तिनंच सांभाळली; झाडावर चढायला धाकटा दीर बार्नबस होता. त्या वर्षी सुपारीएवढी कोवळी फळं पटापट गळू लागली. बार्नबस वर चढून बघून आला.

"वहिनी, तपकिरी किडे आहेत. फळात सोंड खुपसून रस पितात."

"सगळ्या झाडांवर?"

"टोकाची तीन सोडून. तिथं त्या पानं शिवणाऱ्या मुंग्या आहेत, चढूच देत नाहीत. उद्या जाळतो त्यांना."

नेस्टा टोकाला जाऊन आली. त्या तीन झाडांखाली एकही फळ पडलेलं नव्हतं.

"जाळू नकोस," ती म्हणाली. "त्यांना सगळ्या बागेत पसरवायचं."

"आणि चावून कोण घेणार? मीच ना?"

"नारळच धरले नाहीत तर चढशील कशाला?"

मुंग्या अंगावर चढू नयेत म्हणून हाताला राख चोळून तिनं टोकाच्या बुटक्या झाडावरची त्यांची दोन घरटी झावळीसकट कापली आणि दुसऱ्या झाडांच्या बुंध्याला बांधली. पण जमिनीवरच्या बारक्या मुंग्या झुंडीनं चढल्या आणि दुपारपर्यंत घरट्यांतल्या सगळ्या मुंग्यांचा फडशा पाडला.  मग नेस्टानं रानातून लांब वेल आणले आणि बार्नबसच्या मिनतवाऱ्या करून ते टोकाच्या तीन झाडांपासून सुरुवात करून एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंत ताणून घेतले. आता मुंग्यांना खाली उतरायचं कारणच नव्हतं.

एक वेल वीतभर आखूड पडला होता. बार्नबस तो सोडवायला चढला आणि वरच थबकला.

"वहिनी, यांनी एकमेकींची कंबर धरून साखळी केलीय. बाकीच्या तिच्यावरून चालल्यात."

"आणि पलीकडे?"

"पानाच्या दोन कडा ओढून धरल्यात. एकीच्या तोंडात पिल्लू आहे. त्याच्या तोंडातून धागा निघतोय, त्यानं शिवतेय ती."

तो बराच वेळ खाली आला नाही. मुंग्या त्याच्या मानेला चावत होत्या, तरी तो हलला नाही. खाली नेस्टाच्या पायाशी एक तपकिरी किडा पडला. त्याच्या सहाही पायांना एकेक मुंगी लटकलेली होती, सोडायला एकही तयार नव्हती. ती गुडघ्यावर बसली. तीस वर्षं याच झाडांखाली वावरूनही हे तिला कधी दिसलं नव्हतं.

नाताळपर्यंत फळगळ थांबली. शेजारच्या बायका वेल कुठून आणले ते विचारायला येऊ लागल्या, तेव्हा नेस्टा त्यांना आधी झाडाखाली उभं करून वर बघायला लावायची.