आधी खोली ऐकू दे

"पंखा बंद, फोन बंद, तोंड बंद."

हे तीन बंद एका दमात सांगून नाना डाव्या हाताने मशीन सुरू करायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि डोळे मिटायचे. बोट वर असेपर्यंत त्या खोलीत कोणी हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. पूर्ण एक मिनिट. मग डाव्या हाताने मशीन बंद, उजव्या हाताचं बोट खाली, आणि नाना म्हणायचे, "चाल, व्हई गयं. म्हन आते." चल, झालं, म्हण आता. त्यानंतर गाणाऱ्याने तोंड उघडायचं.

धुळ्याच्या मे महिन्यात पंखा बंद करून एक मिनिट बसणं म्हणजे काय, हे तुम्ही इकडचे असाल तर सांगायला नको. ज्याचं गाणं लागलं की वरात तासभर एका जागी नाचते, असा एक मोठा गायक माझ्यासमोर घामाने निथळत उभा होता आणि नानांचं बोट काही खाली येईना. "नाना, मरी जासू ना!" तो शेवटी ओरडला. नानांनी डोळेही उघडले नाहीत. "परत पहिल्यापासून," म्हणाले.

मी जळगावची, मेहरूणला राहते, शाळेत भूगोल शिकवते. रविवारी मला दुसरा उद्योग असतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे स्वतःच्या हिमतीवर गाणी करणारी माणसं गाठायची, त्यांना बोलतं करायचं आणि ते बोलणं नेटवर टाकायचं. बँडमध्ये ऑर्गन वाजवणारा वेल्डर झाला, अहिराणीत रॅप करणारे दोन भाऊ झाले, एसटीत तिकिटं फाडता फाडता गाणी लिहिणारा कंडक्टर झाला. प्रत्येकाला मी विचारायची, "पहिलं गाणं कुठे केलं?" आणि प्रत्येक जण एकच सांगायचा, "देवपूरला, नानांकडे." पाच-सहा जणांकडून ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. कोण हा बाबा, की ज्याच्याशिवाय खानदेशात कोणाचा आवाजच फुटत नाही? शेवटी एका रविवारी धुळ्याची गाडी पकडली.

खोली घरामागे होती, दहा बाय बाराची. भिंतींना कापसाने गच्च भरलेली बारदानं टांगलेली. "आपला कापूस भाव खात नाही, निदान आवाज तरी खातो," नाना म्हणाले. मुलाखतीचं विचारलं तर दोन्ही हात जोडले. "मी काय बोलू, ताई? बोलणारे बाहेर पुष्कळ आहेत. मी ऐकतो."

ते एक मिनिट कशासाठी, ते मात्र त्यांनी समजावून सांगितलं. "गाण्यातला खोकला कापला की तिथे भोक पडतं. त्या भोकात काय भरणार? रिकामं ठेवलं तर कानाला ठेच लागते. तिथे त्याच खोलीची, त्याच दिवसाची शांतता भरावी लागते. दुसऱ्या दिवसाची चालत नाही. म्हणून आधी खोली ऐकू दे, मग गाणं."

शांततेत कसला आलाय दिवस! मी शिक्षिका, मला परीक्षा घेण्याची खोड. मी त्यांना पाठमोरं बसवलं आणि त्यांच्या साठ्यातलं एक मिनिट आवाज वाढवून लावलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नाना मान तिरकी करून म्हणाले, "हे पावसाळ्यातलं. गोण्या ओल्या आहेत, खोली दबलीये." मी नाव पाहिलं. गायिकेचं नाव, गावाचं नाव, आणि पुढे ऑगस्ट. बाई गं! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दुसरं लावलं. "यात दोन माणसं आहेत. एक जण घाबरलाय, तोंडाने श्वास घेतोय." ते अगदी खरं होतं, कारण तो घाबरलेला माणूस म्हणजे माझा रॅपवाला होता आणि त्यानेच मला तसं सांगितलं होतं. तिसरं लावायची माझी छाती झाली नाही.

खोलीला लागूनच स्वयंपाकघर. तिथे नानांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी थापायची. "पंखा बंद" ऐकू आलं की अक्काचा हात परातीवर जागच्या जागी थांबायचा. बाहेर "व्हई गयं" झालं की थापणं पुन्हा सुरू. मी म्हटलं, "अहो नाना, गाणं चालू असताना हा आवाज येत नाही का?" तर म्हणाले, "गाण्याखाली भाकरी चालते. शांततेत चालत नाही." आता सांगा, इकडच्या निम्म्या लग्नांत आपण ज्या गाण्यांवर नाचलो, त्यांच्या तळाशी अक्काच्या भाकरीची थाप आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

एकदा यावलकडची एक बाई आली होती. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी, स्वतः गाणी रचणारी. मैत्रिणींनी जबरदस्तीने पाठवलेली. माइकसमोर उभी केली आणि तिचा घसाच बसला. पाणी झालं, चहा झाला, काही केल्या आवाज निघेना. रडकुंडीला आली बिचारी. म्हणाली, "मला घरी जाऊ द्या भाऊ, हे माझं काम नाही." नानांनी विचारलं, "एरवी कधी म्हणता?" "काम करताना." नाना उठले, आत गेले, अक्काकडून सूपभर तूर घेऊन आले आणि तिच्या पुढ्यात ठेवली. माइक खाली जमिनीपाशी आणला. "गाऊ नका. तूर निवडा."

ती निवडायला बसली. दोन मिनिटं गेली, चार गेली. हात चालू झाले, मान खाली गेली, आणि मग तिच्या नकळत तिचा आवाज असा काही वर आला की मी भिंतीला टेकून उभी होते ती तशीच खाली बसले. मी आजवर पुष्कळ गाणी ऐकली आहेत. असं नाही ऐकलं. सुपातली तूर सळसळतेय आणि त्यावर तो आवाज. पुढे ते गाणं गाजलं तेव्हा लोक विचारायचे, ते मागे वाजतंय ते वाद्य कोणतं? नाना शांतपणे सांगायचे, "तूर."

गाण्याच्या शेवटी नावं येतात ना, ती मी मुद्दाम थांबून वाचते. निर्माता, गीत, नाच, ड्रोन, गाडी देणारे भाऊ, विशेष आभारांत तर अख्खं गाव. नानांचं नाव कुठेच नाही. मी एकदा तिथे बसलेल्या दोन गायकांना चांगलं फैलावर घेतलं. नाना म्हणाले, "राहू द्या हो ताई. गाण्यात मी ऐकू आलो तर माझं काम चुकलं." आणि ते अक्षरशः तसंच वागायचे. मशीन बंद केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चुकून कुठे त्यांचा शब्द आलाच, तर तेवढा कापायचा आणि तिथे शांतता भरायची. फोन बटणांचा, बोलण्यापुरता. कोणी व्हिडिओ काढू लागला की हे उठून बारदानामागे.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. तीन महिने खोकला, मग बारीक घरघर. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बोलणं जाईल.

हे मला अक्कानेच फोनवर सांगितलं. बाई धीराची, पण त्या दिवशी रडली. "बठ्ठा जगना आवाज ठेवात यास्नी, सोताना एक नही," म्हणाली. साऱ्या जगाचे आवाज ठेवले, स्वतःचा एक नाही. "ताई, तुम्ही या. तुमच्या कार्यक्रमाचं निमित्त करा. घरात यांचा आवाज राहू दे."

नाशिकला निघायच्या दिवशी सकाळी मी पोचले. माझ्याकडे नवीन रेकॉर्डर होता, भारीतला, आणि त्याचा मला कोण अभिमान! नाना सवयीने स्वतःच्या मशीनकडे वळले, तर मी त्यांना अडवलं. "आज तुम्ही कलाकार. आज बटणाला हात लावायचा नाही. हात मांडीवर." ते लहान मुलासारखे हसले आणि हात मांडीवर ठेवून बसले. "पंखा बंद," नाना म्हणाले. "पंखा बंद," नाना म्हणाले. बोट वर गेलं, डोळे मिटले. आत परातीवर अक्काचा हात थांबला. एक मिनिटाने बोट खाली आलं, आणि समोर मी असूनही त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "चाल, व्हई गयं. म्हन आते." आम्ही दोघंही हसलो.

मग मी मुलाखत सुरू करायची म्हणून बटण दाबलं.

कळलं ना? यंत्र आधीच चालू होतं. मी दाबलं तेव्हा ते बंद झालं. दोन तास नाना बोलले. आयुष्यात बोलले नसतील इतकं. घरघरत्या आवाजात, मध्ये पाणी पीत. लहानपणी पांझरेच्या काठी कान जमिनीला लावून पडून राहायचे ते, पहिला माइक कसा जोडला ते, अक्का लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बांगड्यांवरून ती कुठल्या खोलीत आहे हे कसं ओळखायचे ते. आणि माझं ते भारीतलं यंत्र माझ्या मांडीवर मेल्यासारखं पडून होतं.

जळगावच्या गाडीत बसल्यावर मी यंत्राच्या पडद्यावर रेकॉर्डिंगची लांबी पाहिली. एक मिनिट आणि थोडं. बस्स. पुढे काही नाही. मी तिथेच कपाळ बडवून घेतलं. शेजारची बाई घाबरून सरकून बसली. नानांना फोन लावला तर त्यांच्या मुलाने उचलला. त्यांची गाडी मालेगावच्या पुढे गेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. "काही काम होतं का, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, सांभाळून जा."

पुढचे दोन महिने मी खोटं बोलले. अक्काचा फोन यायचा, "ते रेकॉर्डिंग?" आणि मी म्हणायची, "काम चालू आहे, साफ करतेय." वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना मी बाकावर उभी करते! शेवटी मलाच माझी लाज वाटली. गेले देवपूरला.

नाना खोलीत बसले होते. गळ्याला पांढरं फडकं, हातात पाटी. मी अक्काला बोलावलं आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. सांगताना मी हुंदके देत होते. नाना हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. अक्का हसली नाही. उठून आत गेली, आणि ते मला शंभर शिव्यांपेक्षा जड गेलं.

नानांनी हात पुढे केला. मी रेकॉर्डर दिला. त्यांनी कानाला लावलं, डोळे मिटले, आणि बोट आपोआप वर गेलं. पूर्ण मिनिट ऐकलं. मग पाटीवर लिहिलं, 'खोली छान आलीये.' आणि खाली, 'शेवटी मी पण.' मी रेकॉर्डर घेऊन शेवट ऐकला. मशीन बंद करायला त्या दिवशी त्यांचा डावा हात मोकळा नव्हता, मीच तो मांडीवर ठेवायला लावला होता. म्हणून 'चाल, व्हई गयं. म्हन आते' हे पाच शब्द आत राहून गेले होते. मी ते मिनिट रागाने कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

नाना उठले, आत गेले, अक्काला हाताला धरून घेऊन आले आणि तिच्या कानाला लावलं. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. शेवटाला तिचा हात पटकन तोंडावर गेला. मग मला म्हणाली, "आखो एकदाव लाव." मी पुन्हा लावलं. त्या दुपारी किती वेळा लावलं, मोजलं नाही.

परवा पुन्हा गेले होते. साक्रीकडची एक कॉलेजातली मुलगी पहिलं गाणं करायला आली होती, भीतीने पार गारठलेली. 'पंखा बंद, फोन बंद, तोंड बंद' आता पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलंय. मुलीने ते वाचलं, पंखा बंद केला. नानांचं बोट वर गेलं. आत अक्काचं थापणं थांबलं. घाम माझ्या मानेवरून पाठीत उतरला, तरी मी हलले नाही. मिनिट झालं. बोट खाली आलं. नानांनी डाव्या हाताने मशीन बंद केलं आणि शेजारचं दुसरं बटण दाबलं.

"चाल, व्हई गयं. म्हन आते."

मुलगी दचकली, कोण बोललं म्हणून नानांच्या मिटल्या तोंडाकडे बघायला लागली. आतून परातीवर भाकरीची पहिली थाप पडली, मग दुसरी, आणि पोरीने गायला सुरुवात केली.