कूलरसमोरची सोयरीक

शिंकेनं कुणाचं लग्न मोडत नाही, हे शाळेत विज्ञान शिकवताना मी पोरांना नेहमी सांगत आलो. माझ्या मुलीचं तेवढं मोडता मोडता राहिलं.

मे महिन्यातली दुपार. पल्लवीला पाहून गेलेला नेपानगरचा मुलगा, निखिल, आपल्या आजींना घेऊन लग्न पक्कं करायला हिंदी मुलखातल्या आमच्या लालबागच्या घरी आला होता. पल्लवीला तो मनापासून आवडला होता. (मलाही. माझं बोलणं मध्ये न तोडणारा तो पहिलाच माणूस.) पाहुण्यांसाठी मी गेल्या वर्षीचा कूलर पुसून, गेल्या वर्षीच्याच गवतासकट लावला. गवत बदला म्हणून सुनंदा, म्हणजे आमची ही, कधीची मागे लागली होती. पण चांगलं गवत फेकायचं कशाला?

"कसला वास येऊन राहिला भाऊ?" आजींनी विचारलं.

"वाळ्याचा! अस्सल!" मी म्हणालो.

आजींनी नारळ हातात घेतला. "मंग, पक्कं समजायचं ना?"

"आऽऽच्छीं!" मी उत्तर दिलं.

आजींनी नारळ खाली ठेवला. शुभ बोलताना शिंक म्हणजे अपशकुन. थोडं थांबून त्यांनी तो पुन्हा उचलला. मी पुन्हा शिंकलो.

"गर्मी लागली यांना," सुनंदा घाईनं म्हणाली. "अहो, कूलरसमोर बसा ना जरा!"

बसलो. फुल स्पीडवर! मग शिंकांची माळच लागली, डोळे सुजले, मान खाजायला लागली. मी आधी उदबत्ती विझवायला लावली, मग पल्लवीच्या वेणीतला मोगरा अंगणात गेला, मग पोह्यांची फोडणी थांबली. शेवटी आजी उठल्या.

"जाऊ द्या भाऊ. देवाच्याच मनात नाही दिसत."

पल्लवीचा चेहरा पाहून मी आजींच्या आडवा गेलो. "आजी, ही नुसती ॲ... आऽऽच्छीं!"

तेवढ्यात निखिल असा शिंकला की बशीतली सुपारी जमिनीवर! पाठोपाठ दुसरी, तिसरी. डोळे लालभडक.

"तू बी?" आजी ओरडल्या.

"मैं कबसे रोक के बैठा हूँ, आजी! तू उठून जाशील म्हणून." त्यानं जाऊन कूलरची बाजूची जाळी काढली. "काका, ये देखो, पूरी फंगस! मला ॲलर्जी आहे हिची. तुम्हालाही तीच असणार."

गवतभर काळी-हिरवी बुरशी पसरली होती. दर वर्षी मी तिचं चित्र फळ्यावर काढतो. रंगीत खडूनं!

सुनंदानं कूलर बंद केला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आजी मात्र तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "सासरा-जावई सारखेच शिंकतात. आता पत्रिका कशाला बघायची!" अंगणात, उन्हाच्या झळांत उभं राहून त्यांनी पल्लवीच्या ओटीत नारळ घातला. मी श्वास रोखून धरला होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात जावयानं कूलरसाठी नवंकोरं गवत आणून दिलं. मी ते माळ्यावर जपून ठेवलंय. इतकं चांगलं गवत रोज पाण्यात भिजवून खराब कशाला करायचं?