अंगठा अक्कांनीच दिला

फैजपूर. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. त्या दिवशी मी अक्कांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, लुगडी धुवायला घेतली आणि एकावर कमरेच्या जागी पिवळट डाग दिसला... वासही वेगळाच.

विचारलं तर म्हणाल्या, "केळीचा डाग हाये." केळीचा डाग काळा पडतो, एवढं दीड वर्षात मलाही कळलं होतं. मी तिथून हलले नाही, तेव्हा त्यांनी मोरीचं दार लोटलं आणि लुगडं सैल केलं.

उजव्या कमरेला, लुगड्याची गाठ रोज कसून बसायची तिथेच, रुपयाएवढी जखम... कडा उचललेल्या, टणक. कधीपासून, तर "मागल्या कापसापासून. दुखत नही, म्हनून राहू दिलं." दुखत नाही हे ऐकून मला जास्तच भीती वाटली.

मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी नानांना. नाना माझे थोरले दीर, सासरे गेल्यापासून घर तेच चालवायचे. जळगावच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, आम्हाला बाहेर घेतलं आणि म्हणाले, "चामडीचा कॅन्सर वाटतोय. धुळ्याला सर्जनना दाखवा, उशीर करू नका."

घरी आल्यावर दोन तट पडले. यावलकडे एक वैदू लेप लावून जखम जाळून काढायचा, नानांनी त्याला सोमवारी बोलावूनही ठेवलं. ह्यांचं म्हणणं, धुळे. दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसत आणि एकमेकांशी बोलत नसत... अक्का मधे भाकरी वाढत असायच्या. त्यांना काय वाटतं हे कोणी विचारलंच नाही.

रविवारी सकाळी अक्का स्वतःच पिशवी भरून ओट्यावर येऊन बसल्या. "दाखवून त येऊ," एवढंच म्हणाल्या. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. नाना सोबत आले, पण एस.टी.त चढताना ह्यांना बजावलं, "फक्त दाखवायचं. कापू मी देनार नही."

सर्जन वयस्कर होते, अक्कांशी सरळ बोलले. लेपाने वरची जखम जळेल, पण रोग आत खोल गेला असेल तर तो तसाच वाढत राहील. मुंबईला नेऊन लाईट, म्हणजे किरणांचा शेक, देता येईल, त्याला महिना-दीड महिना राहावं लागेल. किंवा इथेच ऑपरेशन... भोवतीच्या चांगल्या चामडीसकट सगळं काढायचं आणि मांडीची चामडी तिथे लावायची.

"जांघेत एक गाठ हाताला लागतेय," ते म्हणाले. "रोगाची आहे की साध्या सुजेची, ते काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि या वयात भूल देण्याचाही धोका असतो. तो नाही असं मी म्हणणार नाही."

ह्यांचाही चेहरा उतरला. मुंबईची लाईट बरी, असं हे पुटपुटले. नाना म्हणाले, "चला घरी."

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "लाईटनं गेलं, आन् पुन्हा आलं त?"

"मग कापावंच लागेल. आणि लाईट दिलेल्या जागेवर जखम भरून यायला जास्त त्रास होतो."

"मंग आताच कापा."

डॉक्टरांनी संमतीसाठी थोरल्या मुलाला पुढे बोलावलं. नाना खिडकीकडे तोंड करून उभे राहिले... हात मागे, मुठी आवळलेल्या. डॉक्टरांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा अक्काच म्हणाल्या, "त्याले नका ईचारू. आंग माझं हाये, आंगठा मी देते."

ऑपरेशनच्या सकाळी हे औषधं आणायला गेले होते. बाहेर बाकावर मी आणि नानाच. मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती, मी पदर सावरून लांब बसले होते. एकाएकी नाना जमिनीकडे पाहत बोलायला लागले.

"बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, तवा मी हो म्हनलो व्हतो. घरात दुसरं कोनी मोठं नव्हतं... बाबा टेबलावरून उठले नहीत."

इतके दिवस मी त्यांना हट्टी, अडाणी समजत होते. तांब्यातलं पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं.

अक्का शुद्धीवर आल्या. पण गाठ तपासायला मुंबईला गेली होती आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. नाना रोज दवाखान्यात जाऊन विचारायचे, मान हलवत परत यायचे. एका दुपारी मात्र ते येऊन माझ्या आईच्या ओसरीवर बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडले... आम्हाला आधी उलटंच वाटलं. गाठ साध्या सुजेची निघाली होती. जखमेच्या कडाही स्वच्छ होत्या.

संध्याकाळी अक्कांची वेणी घालताना मी विचारलं, त्या दिवशी नानांना पुढे का येऊ दिलं नाहीत?

"तो हो म्हनता आन् माले काही झालं असतं, त त्यानं जल्मभर तेच उरावर घेतलं असतं," अक्का म्हणाल्या. "एक वझं त्याच्यावर हायेच. दुसरं कशाले देऊ?"

अक्का पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, माझ्या तिन्ही मुलांची लग्नं त्यांनी पाहिली. आज मीही त्यांच्या तेव्हाच्या वयाहून म्हातारी झाले... तरी स्वतःच्या जिवावर बेतलं असताना लेकाच्या जिवाचा विचार करणारी ती बाई आठवली, की हात आपोआप जोडले जातात.