फ्लॉपीला लावलेलं कुंकू

पोरांनो, वडवणीच्या शाळेत मी दहावीच्या मुलींच्या परीक्षा-अर्जांची माहिती संगणकात भरली आणि पसारा नको म्हणून कागद फाडून टाकले. अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी फ्लॉपी घालून संगणक सुरू केला, तर आतून खरखर. हार्ड डिस्क गेली, असंच वाटलं. घाईने माहिती फ्लॉपीवर उतरवली. पडद्यावर 'कॉपी झाली' असं आलं, म्हणून बिघाड जाईल या आशेने मी हार्ड डिस्क पुसून कोरी केली. मग फ्लॉपी वाचताच येईना. दहादा तीच आज्ञा दिली.

"बाई, कावून रडायलाव?" शिपाईमामा म्हणाले. "यंत्र न्हाई बिघडायचं. खंडेनवमीला समद्या फ्लॉप्यांची झडप सरकवून आत कुंकू लावलंय मी."

म्हणजे खरखर त्या कुंकवाची होती; हार्ड डिस्क धडधाकट होती, पोरांनो. घरोघरी जाऊन माहिती पुन्हा लिहून घ्यायला मी वही घेऊन तेलगावच्या जीपकडे धावले. पहिल्या मुलीच्या दाराला कुलूप होतं.