नेटिव्हच्या विरुद्ध काय?

सहार विमानतळाच्या काचेपलीकडे बाबा उभे होते, आणि मी आत गेले तरी हलत नव्हते. आई रडत होती, ते एक वेळ मला झेपलं असतं. बाबा मात्र परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेर उभे होते तसेच ओठ घट्ट मिटून उभे. मला पळत परत जावंसं वाटलं.

अंबरनाथला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, त्या हॉलची गोष्ट सांगते, कारण माझं जाणं तिथेच ठरलं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. अमेरिकेत शिकायचं तर इंग्रजी शब्दांचे विरुद्धार्थी शब्द ओळखायची परीक्षा द्यावी लागे. बाबा मोरिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बोलणं मोजकं. "एकदाच बस. नाही जमलं तर डोंबिवलीचं स्थळ आहे, मग कुरकुर चालणार नाही." मी मराठी शाळेतली. फिजिक्स उत्तम, इंग्रजीच्या नावाने बोंब.

म्हणून उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, कमला आंटींकडे शिकायला जायचे. फाळणीत लहानपणी सिंधमधून या निर्वासितांच्या कॅम्पात आलेल्या निवृत्त शिक्षिका. चुकलं की टेबलावर पट्टी आपटायच्या. एकदा म्हणाल्या, "नेटिव्ह. अपोझिट बोल."

आमच्याकडे नेटिव्ह म्हणजे मूळ गाव, मे महिन्यापुरतं जायचं ते. मी बेधडक सांगितलं, "अंबरनाथ!"

पट्टी आपटली नाही. "तेरा अंबरनाथ, मेरा कॅम्प," त्या हसल्या, आणि लगेच आवाज चढवला, "पेपर में ऐसा लिखेगी तो गई! लिख, एलियन. परदेसी."

मी एलियन घोकत घरी आले.

पेपरात नेमका तोच शब्द आला. आनंद फार टिकला नाही, कारण पर्यायांत एलियन नव्हताच. शहरी, आधुनिक, तात्पुरता अशा अर्थांचे शब्द होते, आणि एक 'अक्वायर्ड', म्हणजे मिळवलेला. हा एक शब्द चुकला की डोंबिवली, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तात्पुरता, म्हणजे कॅम्पच की! पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग वाटलं, कसला तात्पुरता? आंटींचं अख्खं आयुष्य तिथे गेलंय, गच्चीवर पापड वाळतायत. ते घर जन्माने मिळालेलं नाही, मागाहून कमावलेलं आहे. वेळ संपल्याचं पर्यवेक्षक ओरडले तेव्हा मी अक्वायर्डचा गोल काळा करत होते.

आंटींनी डिक्शनरी उघडून बघितलं. बरोबर. पुढे मार्कही आले आणि डोंबिवलीचं स्थळ बारगळलं.

ओहायोत पहिला हिवाळा मी रडून काढला. बॅग पूर्ण रिकामी करायचीसुद्धा हिंमत नव्हती. मग हळूहळू अपार्टमेंटमध्ये कढीपत्ता जगला, शेजारची म्हातारी दारासमोरचा बर्फ काढायला हाक मारू लागली, आणि 'आपलं ग्रोसरी स्टोअर' असं माझ्या तोंडी कधी बसलं ते कळलंच नाही.

पहिल्यांदा सुट्टीवर अंबरनाथला आले आणि परत निघताना दारात सहज बोलून गेले, "घरी पोचले की फोन करते."

बाबांचा हात बॅगेच्या पट्ट्यावर थांबला. "घरी म्हणजे?"

आईच म्हणाली, "अहो, असं काय विचारता? तिचं घर आता तिकडेच."

आईचं उत्तर बरोबर होतं. एखादं उत्तर चुकावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.