धुराच्या वर्षीचा गणपती

मी पत्रकं लिहून मोठा झालो. पुण्यात आमच्या संघटनेचं कुठलंही पत्रक माझ्या हाताखालून गेल्याशिवाय छापायला जात नसे. एका पानात अन्याय सांगायचा, दोषी कोण ते सांगायचं, आणि शेवटी वाचणाऱ्याला लाज वाटेल असा एक प्रश्न विचारायचा. म्हणून आधीच सांगून टाकतो: ही हकीकत एका बादलीची आहे आणि तिच्यातला दोषी मीच आहे.

१९९७ च्या जुलैत आईने मला सिंगापूरला धाडलं. मी एका मोर्चात पकडला गेलो होतो, हे एक कारण. दुसरं असं, की दादा मरीन इंजिनीअर, वर्षाचे आठ-नऊ महिने बोटीवर; वहिनी तांजोंग पगारला एका बँकेत; आणि सात वर्षांची पुतणी दुपारी शाळेतून आली की बेडोकच्या फ्लॅटमध्ये एकटी. "तिथल्या भिंती स्वच्छ असतात म्हणे," आई म्हणाली, "त्या तू तशाच ठेव."

वहिनीने दार उघडलं ते हसतच. "या भावोजी. चपला बाहेर, पत्रकं बॅगेत."

मी पोचलो तेव्हा ब्रिटिशांनी हाँगकाँग चीनच्या हवाली करून आठवडाही झाला नव्हता. त्याच आठवड्यात एक छोटी गाडी मंगळावर उतरली आणि तिकडे थायलंडचं चलन, बाट, कोसळलं. ऑगस्टमध्ये आपल्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. मग सुमात्रातली जंगलं पेटली, नव्हे, पेटवली, आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आला. एवढं जग एका वर्षात घडत होतं आणि मी पुतणीला पाढे म्हणायला लावत बसलो होतो. ती पाढे इंग्रजीत म्हणायची.

आमच्या घरी गणपतीपुढे देखावा असतो, तो सालातल्या घडामोडींचा. ही आमच्या गल्लीतल्या मंडळाची रीत. दादाने ती घरात आणली आणि पुढे सिंगापूरला नेली. मी तर निम्मं जग देखाव्यातच पाहिलेलं आहे. अवकाशात गेलेला पहिला भारतीय मला भेटला तो थर्माकोलचा होता. इथे सहा बाय तीनच्या कोपऱ्यात दरवर्षी हे काम वहिनी आणि पुतणी करायच्या. दादा त्या पोरीच्या आठवणीत एकाही गणपतीला घरी नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी त्याचा आखातातल्या एका बंदरावरून फोन आला. बोट सिंगापूरला येणार होती आणि तो इथेच उतरणार होता, चतुर्थीच्या आदल्या दिवशी. पुतणीने फोन दोन्ही हातांत धरला होता.

"या वर्षी आरतीचं ताट मी धरणार," दादा तिला म्हणाला. मला पलीकडून ऐकू येत होतं.

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"देखाव्यासाठी समथिंग आण. शिपवरचं. दुकानातलं नको."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. चेहरा सरळ. "बाबा ऑलवेज से ओन्ली," ती म्हणाली, म्हणजे बाबा नुसतं म्हणतो, आणि पेन्सिलला टोक करायला गेली. सात वर्षांच्या मुलीने एवढ्या थंडपणे बोलू नये. मला त्या क्षणी जहाज कंपन्या, समुद्र, दादा, सगळ्यांविरुद्ध पत्रक काढावंसं वाटलं.

मूर्तीचा प्रश्न मी हातात घेतला, इथेच घात झाला. सेरांगून रोडवर मिळत होत्या त्या मूर्ती प्लास्टरच्या, वर चकचकीत रंग. पुण्यात मी प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध पत्रक लिहिलं होतं आणि त्यातलं एक वाक्य मला अजून आवडतं: जी विरघळत नाही ती मूर्ती नव्हे, तो कचरा आहे. हे वाक्य मी भर दुकानात वहिनीला ऐकवलं. ती म्हणाली, "मग तुम्हीच करा." मी ब्लॉकच्या खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून करड्या रंगाच्या मातीची चार पाकिटं आणली आणि दोन दिवस खपून गणपती केला. सोंड जरा जाड झाली. पण माती मात्र फार गुणी होती, हाताला मऊ, तडा म्हणून जात नव्हती. मी वहिनीला म्हटलंसुद्धा, "आपल्या शाडूपेक्षा सरस."

देखावा तिघांनी केला. काडेपेटीला बाटलीची बुचं लावून मंगळावरची गाडी. हाँगकाँगसाठी कागदाची बोट, तिच्यावर घरी निघालेला इंग्रज. वहिनीने बँकेतून बाटच्या घसरणीचा आलेख छापून आणला. रोज उशिरा घरी यायची ती त्याच्यामुळेच. पुतणीने तो पुठ्ठ्यावर चिकटवला, तिरका उभा केला आणि गणपतीचा उंदीर त्याच्या टोकावर बसवला. "घसरगुंडी," ती म्हणाली. अख्ख्या आशियातल्या अर्थतज्ज्ञांना त्या महिन्यात एवढं नीट सांगता आलं नव्हतं.

जळत्या जंगलाचा भाग माझा. काळ्या काड्या, लाल कागद, वर कापूस, आणि ठसठशीत पाटी: हा धूर कुणाचा? खाली दोषींची यादी. बागायत कंपन्या, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका, डोळे मिटून बसलेली सरकारं.

वहिनीने पाटी उचलली. "बँका पण?"

"बँका तर आधी."

"मग मोदकाचं सारण कुणाच्या पगारातून आलं, तेही लिहा खाली." तिने पाटी उलटी करून पुतणीला दिली. पुतणीने पाठीमागे मंगळ रंगवला.

तेवढ्यात पॅरिसच्या बोगद्यातल्या अपघातात ती इंग्लंडची राजकन्या गेली. वहिनी टीव्हीपुढे बसून रडली. मी म्हटलं, "वहिनी, इथे जंगलं जळतायत, माणसांना श्वास घेता येत नाही, आणि तू राजघराण्यातल्या बाईसाठी रडतेस?"

"दोन लहान मुलं आहेत तिला," वहिनी म्हणाली. "आणि रडायला तुमच्या समितीचा ठराव लागतो का भावोजी?"

देखाव्यात कागदी फुलांचा एक ढीग वाढला. मी विरोध केला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा आला नाही. बोटीच्या एजंटाचा फोन आला: मलाक्काच्या सामुद्रधुनीत धूर एवढा दाट आहे, की पुढचं जहाज दिसत नाही, बोट हळू चालली आहे. किती हळू? सांगता येत नाही. चतुर्थीला पूजा वहिनीने केली, आरतीचं ताट तिनेच धरलं. पुतणीने झांजा वाजवल्या नाहीत. मांडीवर ठेवून बसली. त्या तिने बाबासोबत वाजवायच्या ठरवल्या होत्या.

आणि आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा दीड दिवसाचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन, दादा मलाक्कात असो की मंगळावर.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर राजकन्येची अंत्ययात्रा चालली होती. कलकत्त्याच्या त्या म्हाताऱ्या ननही गेल्याची बातमी आली होती आणि वहिनी देखाव्यासाठी जुन्या पांढऱ्या ओढणीच्या तुकड्याला निळे काठ रंगवत होती. पुतणी माझ्याजवळ आली. "काका, गणपतीला स्टे एक्स्टेंड करता येतो का? तुझ्या पाससारखा?"

माझा व्हिजिट पास आम्ही नुकताच वाढवून आणला होता. मला हसू आलं नाही. मी आईला पुण्याला फोन लावला.

"आपल्याकडे दीड दिवस म्हणजे दीड दिवस," आई म्हणाली.

"आई, हे कुणी ठरवलं? कुठे लिहिलंय? मुलीचा बाप धुरात अडकलाय, त्यात तिचा काय दोष?"

"तू देव मानत नाहीस ना?"

"नाही."

"आणि त्याचा मुक्काम वाढवायला निघालास?"

पत्रक लिहिणाऱ्याला गप्प बसवायचं तंत्र आईला माहीत आहे. फोनचं मीटर पळत होतं.

"पाच दिवस," ती शेवटी म्हणाली. "एकदा वाढवला की दरवर्षी पाचच दिवस, ते लक्षात ठेव. आणि रोजचा नैवेद्य तू करायचास. माझ्या सुनेला नोकरी आहे."

मी चार दिवस मोदक केले. पहिल्या दिवशी सगळे उकडताना फुटले. गूळ संपला तेव्हा बेडोकच्या बाजारातून काळा ताडगूळ आणला. समोरच्या दारातल्या मलाय मावशींनी तो कसा वितळवायचा ते दाखवलं आणि माझ्या मोदकाच्या पाऱ्या बघून तोंडावर पदरासारखा स्कार्फ धरला. धुरामुळे खिडक्या बंद, वाळायचे कपडे घरभर, गणपतीच्या डोक्यावर पुतणीचा शाळेचा फ्रॉक. ती रोज सकाळी पेपरात छापलेला धुराचा आकडा मोठ्याने वाचायची आणि मग विचारायची, "टुडे बोट फास्ट की स्लो?" मी म्हणायचो, "बघू." चौथ्या दिवशी तिने विचारलं नाही.

पाचव्या दिवशी एजंट म्हणाला: बोट बंदराबाहेर पोचली आहे, पण आत यायला रांग आहे. उद्या, कदाचित परवा.

मी वहिनीकडे पाहिलं. "सात दिवस कर," मी म्हटलं. "आईशी मी बोलतो."

"नको भावोजी." ती मऊपणे म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. "मी सात वर्षं एक-एक दिवस वाढवत काढली आहेत. तिला ती सवय नको लागायला. सांगितलेल्या दिवशी गेलेलं बरं."

संध्याकाळी उत्तरपूजा झाली. लाल बादली पाण्याने भरून स्वयंपाकघरामागे ठेवली. समुद्रात टाकून पाणी घाण करायचं नाही, हे माझं तत्त्व. त्याचा मला अजून अभिमान होता. मी मूर्ती पाण्यात सोडली. पुतणीला म्हटलं, "सकाळपर्यंत विरघळेल. मग ही माती कुंडीत घालू." ती बादलीकडे न बघता आत गेली. झांजा कपाटात ठेवल्याचा आवाज आला.

सकाळी मी गेलो तर गणपती बादलीत बसलेला. सोंड तशीच जाड, कानांवरचं हळदीकुंकू तेवढं धुऊन गेलेलं. मी पाणी ढवळलं. दुपारी गरम पाणी ओतलं. काही नाही.

वहिनी बँकेतून आली, बादलीत डोकावली आणि रद्दीतून मातीचं रिकामं पाकीट काढून आणलं. इंग्रजीतली बारीक अक्षरं तिने मला मराठीत वाचून दाखवली. "मुलांच्या खेळासाठी. तेलात मळलेली. कधीही सुकत नाही, पाण्यात विरघळत नाही." मग पाकिटाची नीट घडी घातली. "काय होतं ते तुमचं वाक्य? जी विरघळत नाही..."

"वहिनी."

"नाही, मला खरंच आठवत नाहीये. ती मूर्ती नव्हे, तो काय?"

ती भिंतीला टेकून हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली असेल. मला इतका राग आला होता, की मीही हसलो.

पुतणीने पाण्यात बोट घालून गणपतीच्या पोटाला दाबलं. "ही डिडन्ट गो," ती म्हणाली. "ही इज वेटिंग, लाह." ते 'लाह' तिथल्या शाळेतून आलेलं.

"पूजा उतरवली आहे, सोन्या," वहिनी म्हणाली. "आता ती नुसती माती आहे."

"माती पण वेटिंग."

दादा सातव्या दिवशी दुपारी आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास. पुतणी पळत गेली नाही. दारापासून चार पावलांवर उभी राहून म्हणाली, "गणपती गेले. फाइव्ह डेज ठेवले होते."

तो खाली बसला, तिच्या उंचीवर. "मला उशीर झाला," एवढंच म्हणाला. धूर म्हणाला नाही, बोट म्हणाला नाही. मी असतो तर दोषींची यादी दिली असती. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याचं बोट धरून त्याला मागे घेऊन गेली.

दादाने बादलीत पाहिलं. हात घालून मूर्तीचा कान चिमटीत धरला. "हे कुणाचं इंजिनीअरिंग?"

पुतणीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"शाबास. ही खारट पाण्यातही दहा वर्षं टिकेल." त्याने बाही सरसावली, गणपतीला बाहेर काढून पाटावर ठेवलं आणि टॉवेलने टिपलं. मग बॅगेतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत जाड कापडाचा तुकडा, अर्धा काळा कुळकुळीत. "इंजिनात हवा जाते ना, तिथला फिल्टर. एरवी कितीतरी दिवस चालतो. या वेळी रोज बदलत होतो. दुकानातला नाही."

पुतणीने तो नाकाशी नेला. तोच वास, आमच्या घरातला, फ्रॉकचा, उशीचा. देखावा अजून मोडला नव्हता. तिने माझ्या कापसाचा धूर उचलून फेकला आणि त्या जागी ते कापड पसरलं. मग मंगळाची पाटी उलटी केली. हा धूर कुणाचा? वहिनीने बघितलं आणि निरांजन लावायला घेतलं.

आरती झाली. देव नसलेल्या मातीची, बिनमुहूर्ताची, भर दुपारी. आईला कळवलं नाही. मी, न मानणारा, सगळ्यात मोठ्याने म्हणत होतो. ताट दादाच्या हातात होतं आणि पुतणी झांजा इतक्या जोरात बडवत होती, की समोरच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

नंतर बापलेक जमिनीवर बसून ती माती मळत होते. पुन्हा बादली नको, असं वहिनीचं म्हणणं पडलं. सोंड गेली, कान गेले, एक मोठा करडा गोळा झाला. दादा गोळा बिस्किटांच्या डब्यात ठेवत असताना पुतणीने विचारलं, "नेक्स्ट इयर तू येणार की नाही?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती ताट पुसत होती, तिचा हात थांबला.

"प्रॉमिस करत नाही," दादा म्हणाला. "पण ही माती सुकत नाही. मी ज्या दिवशी येईन, त्या दिवशी गणपती करू."

पुतणीने जरा विचार केला. डब्याचं झाकण स्वतः लावलं, दाबून बघितलं.

"सोंड तू कर," ती म्हणाली. "काकाला येत नाही."